उसन्या डोळ्यांचा धनी

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारजवळ माधान नावाचे गाव आहे. कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा आणि उन्हाळ्यात डोक्यावर तापणारे आपले वऱ्हाडी ऊन. वरवर पाहिले तर आजूबाजूच्या पन्नास गावांसारखेच हे गाव. पण या गावच्या एका कुणब्याच्या मुलाने उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले, वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंत आणि संगीतापासून डार्विनपर्यंत नाना विषयांवर लिहिले. आणि या मुलाला जन्मानंतर जेमतेम नऊ महिने दिसले होते. प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज हे नाव वऱ्हाडात ठाऊक नाही असे घर विरळा. मात्र नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या माणसाने आपले आयुष्य नेमके कसे चालवले हे ठाऊक असणे वेगळे. पुष्कळ घरांत महाराजांची तसबीर देवघराशेजारी असते आणि ग्रंथ कपाटात वरच्या फळीवर.

महाराजांचे चरित्र मी पुन्हा उघडले त्याला निमित्त झाले मोबाइलचे. गेल्या काही वर्षांत अंध व्यक्तींच्या हाती एक नवे साधन आले आहे. २०१५ साली डेन्मार्कमध्ये ‘बी माय आइज’ नावाचे ॲप सुरू झाले. ते ज्यांच्या डोक्यातून निघाले ते हान्स यॉर्गन विबर्ग स्वतः अधू दृष्टीचे. अंध माणसाने मोबाइलचा कॅमेरा समोरच्या वस्तूवर धरायचा, की कुठेतरी दूर बसलेला एखादा अनोळखी डोळस स्वयंसेवक ते दृश्य आपल्या मोबाइलवर पाहून सांगतो, की ही गोळ्यांची पट्टी अमुक औषधाची आहे, मुदत अजून चार महिने आहे. किंवा शर्ट निळा आहे, पण वरचे बटण चुकीच्या काजात गेले आहे. अमेरिकेतल्या ‘आयरा’ या सेवेत हेच काम शिकवून तयार केलेली पगारी माणसे करतात. २०२३ पासून तर माणसाच्या जागी संगणकच चित्र पाहून वर्णन सांगू लागला आहे. हे सारे पाहून एक प्रश्न मनात घोळू लागला. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस स्वतंत्र झाला म्हणायचा, की त्याचे परावलंबन फक्त दूरदेशी गेले म्हणायचे? आणि या प्रश्नाचे उत्तर मला ज्या माणसापाशी सापडले, त्याच्या काळी माधानात साधा कंदील हीसुद्धा चैनीची वस्तू असावी.

गुलाबरावांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या त्यांच्या आजोळी झाला. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई. मूल नऊ महिन्यांचे असताना चुकीच्या औषधाने त्याची दृष्टी गेली. त्यात नवल वाटावे असे काही नाही. डोळ्याला काही झाले की पाला, मध, तुरटी, जो जे सांगेल ते घालण्याची आपल्याकडची रीत फार जुनी. चार वर्षांचा होतो न होतो तोच मुलाची आईही गेली. मग आजीने त्याला लोणी टाकळीला नेले आणि पुढची पाच-सहा वर्षे तो तिच्या पदराआड वाढला.

त्या काळी अशा मुलाच्या शिक्षणाची सोय काय होती? पॅरिसच्या लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी बनवून पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. पण हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा निघाली ती १८८७ साली, अमृतसरला, मिशनरी बाईंच्या प्रयत्नाने. गुलाबराव तेव्हा सहा वर्षांचे होते. मुंबईत अशी शाळा यायला विसावे शतक उजाडावे लागले. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली १९५१ मध्ये, म्हणजे महाराज जाऊन छत्तीस वर्षे झाल्यावर. वऱ्हाडातल्या खेड्यातल्या मुलापर्यंत यांतले काहीच पोचणार नव्हते. त्याच्यापुढे उघडी वाट एकच होती, कानाची.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी मला पूर्वी कधी सुचली नव्हती. त्या काळच्या खेड्यात डोळे असूनही अक्षर न कळणारी माणसेच फार. चातुर्मासात कोणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारे चाळीस. हरिविजय, पांडवप्रताप, ज्ञानेश्वरी ही सगळी गावाच्या पोटात गेली ती कानावाटे. त्या चाळीस श्रोत्यांत एक मुलगा आंधळा असला, तर पोथीपुरता तो इतरांच्या मागे नव्हताच. सगळेच एका वाचकाच्या डोळ्यांवर विसंबलेले. आज शाळेच्या वर्गात फळ्यासमोर बसलेले अंध मूल जितके एकटे पडते, तितका गुलाब त्या ओसरीवर एकटा नसावा. बाकीचे आरती झाली की ऐकलेले तिथेच ठेवून उठत. हा ते बरोबर घरी नेई.

पण पोथी ऐकण्यात एक अडचण असते. वाचणारा जे वाचेल, ज्या क्रमाने वाचेल, तेच आपल्या वाट्याला येते. थांब, मागचा अध्याय पुन्हा काढ, तिथे याच्या उलट काहीतरी म्हटले होते, असे म्हणण्याची सोय श्रोत्याला नसते. गुलाबराव वेगळे झाले ते इथे. माधानला परत आल्यावर आणि पुढे पंचक्रोशीत नाव होऊ लागल्यावर त्यांनी माणसांकडून ग्रंथ वाचून घ्यायला सुरुवात केली. कोणता ग्रंथ, कुठून कुठपर्यंत, कशाशी ताडून पाहायचा, हे ठरवणारे ते. वाचणाऱ्याकडे डोळे आणि आवाज एवढेच काम. प्रवासाला निघाले की ग्रंथांच्या पेट्या बरोबर निघत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मला हे चित्र फार आवडते. ज्याला एक अक्षर दिसत नाही तो पुस्तकांच्या पेट्यांशिवाय गाव सोडत नाही. आणि पेट्या उचलणारे, कुलूप काढणारे, पान उघडणारे चार जण मागेपुढे.

आपल्या परंपरेत दूरचे पाहून सांगणारा पहिला माणूस म्हणजे संजय. व्यासांनी त्याला दिव्यदृष्टी दिली आणि हस्तिनापुरात बसून धृतराष्ट्राने कुरुक्षेत्र ऐकले. मोबाइलवरच्या या नव्या सोयीविषयी बोलताना कोणीही पटकन संजयाचे नाव घेईल. मी मात्र धृतराष्ट्राकडे पाहतो. सबंध गीतेत तो एकदाच तोंड उघडतो, पहिल्याच श्लोकात, आणि तेही आपली मुले आणि पांडव काय करताहेत एवढे विचारण्यापुरते. त्यानंतर अठरा अध्याय तो नुसता ऐकतो. कृष्णाने अर्जुनाला सांगितलेले त्याच्याही कानावर पडले, पण त्याने संजयाला एका शब्दाने अडवले नाही, एक शंका विचारली नाही. संजयाच्या दिव्यदृष्टीत काही उणे नव्हते. उणे होते ते ऐकणाऱ्यात. माधानच्या अंधाने नेमके उलटे केले. त्याचे संजय साधे होते, अडखळत वाचणारेही असतील, पण प्रश्न त्याचे होते.

शिवाय ज्या ज्ञानेश्वरांना महाराजांनी आपले सर्वस्व मानले, त्यांची ज्ञानेश्वरीही सांगून उतरवलेली आहे. नेवाशाला सच्चिदानंदबाबा लेखक झाले आणि त्यांचे नाव ग्रंथाच्या शेवटी आजही आहे. दुसऱ्याच्या हाताने लिहिणे यात आपल्याकडे कधी कमीपणा मानला गेला नाही. महाभारताला तर खुद्द गणपती लेखक लागला!

१८९६ साली, पंधराव्या वर्षी, गुलाबरावांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मनकर्णिका. संसार त्यांनी नाकारला नाही, पण मन केव्हाच दुसरीकडे गेले होते. १९०१ साली ज्ञानेश्वर महाराजांनी आपल्याला स्वतःच्या नावाचा मंत्र दिला असा अनुभव त्यांना आला आणि तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. कन्या ज्ञानेश्वरांची आणि पत्नी श्रीकृष्णाची. १९०५ मध्ये त्यांनी कात्यायनी व्रत केले. कपाळी कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र आले. अद्वैत सोडायचे नाही आणि कृष्णावरची मधुर भक्तीही सोडायची नाही, अशी ही वाट. तिला मधुराद्वैत म्हणतात. एका कास्तकाराच्या घरातल्या, बायकोमुलांच्या पुरुषाने गावात असे वावरणे त्या वेळी लोकांना कसे वाटले असेल, याची कल्पना आजही करता येते. महाराजांनी लोकांची पर्वा केल्याचे दिसत नाही. आपण कोण आहोत हे ठरवायला त्यांनी कोणाचे डोळे उसने घेतले नाहीत.

त्यांच्या ग्रंथांची नुसती यादीच एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासारखी आहे. ‘संप्रदायसुरतरू’, ‘साधुबोध’, मनाच्या आरोग्याचा विचार करणारा ‘मानसायुर्वेद’. लेखन मराठी, हिंदी, संस्कृतात, आणि मधूनच आपल्या वऱ्हाडी बोलीतही. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि स्पेन्सरचे तत्त्वज्ञान त्यांनी खोडायला घेतले. आर्य बाहेरून आले ही युरोपीय पंडितांची मांडणीही त्यांना मान्य नव्हती. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदांतले आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवले होते, तेही नाही. डार्विनविषयीचे महाराजांचे सगळे म्हणणे आज पटेल असे नाही. विज्ञान त्यांच्या बाजूने गेलेले नाही. पण क्षणभर वेगळा विचार करा. लंडनला छापलेल्या पुस्तकातला विचार, इंग्रजी जाणणाऱ्याच्या तोंडून, भाषांतर होऊन, चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातल्या अंध माणसाच्या कानात पडतो. तो तो समजून घेतो, मनात धरून ठेवतो आणि त्यावर खंडन सांगून उतरवून घेतो. वाद कोण जिंकले हा पुढचा प्रश्न.

या माणसाने नावंग नावाची एक नवी भाषा रचली आणि एक लघुलिपीही तयार केली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. भाविक वाचक हे बुद्धीचे आश्चर्य म्हणून वाचतो आणि पुढे जातो. मी मात्र लघुलिपीपाशी अडलो. ज्याला लिहिता येत नाही त्याला लिपी कशाला? माझा आपला तर्क असा, की ती लिहून घेणाऱ्यासाठी होती. सांगणाऱ्याची जीभ आणि लिहिणाऱ्याचा हात यांची गती कधी जुळत नाही. बँकेत साहेब पत्र सांगत आणि टंकलेखक मान मोडून मागे धावत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे कळेल. इथे दौत, बोरू आणि विचारांचा पूर. मग लेखकाचा हात जलद करा, एवढाच उपाय. म्हणजे आपल्याला लागणारे साधन त्यांनी स्वतः घडवले. बाजारात असते तर आणले असते. (जाता जाता, लिप्या रचण्याची या भागाला सवयच दिसते. माधानहून रिद्धपूर फार लांब नाही आणि महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकून ठेवले होते.)

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. गुलाबराव अंध होते तसे कुणबीही होते. त्या काळी संस्कृत ग्रंथ वाचता येणारी माणसे बहुतेक ब्राह्मण घरांतली, आणि वेदान्तावर बोलण्याचा अधिकार कोणाचा याची मोजमापे ठरलेली. म्हणजे अक्षराला त्यांच्याकरिता दोन कुलपे होती, एक डोळ्याचे आणि एक जातीचे. पहिले कुलूप वाचकाने उघडले असे म्हणू. दुसरे त्यांनी स्वतः उघडले, आणि तेही आरडाओरडा न करता. पुढे त्यांच्याभोवती बसून त्यांचे शब्द लिहून घेणाऱ्यांत सगळ्या जातींचे लोक होते, पंडितही होते.

महाराजांविषयी असेही सांगितले जाते, की ते ग्रंथावर नुसता हात ठेवत आणि आतले सगळे त्यांना कळे. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी राहू द्यावा, कोणाचे मन दुखवण्याची मला इच्छा नाही. पण या कथेने महाराजांचे एक नुकसान होते असे मला वाटते. हात ठेवताच कळत असेल, तर रात्र-रात्र ऐकण्याचे कष्ट कुठे गेले? तेच पान तिसऱ्यांदा वाचायला लावणारा हट्ट कुठे गेला? आणि वाचून घसा बसलेल्या त्या माणसांचे काय? चमत्कार म्हटले की आपण हात जोडून मोकळे होतो. कष्ट म्हटले की आपल्या गल्लीतल्या अंध मुलाला कोण वाचून दाखवते, हा प्रश्न अंगावर येतो.

तो प्रश्न माझ्यासमोर नोकरीत आला होता. १९८८-८९ च्या सुमारास मी अकोल्यात एका बँकेच्या शाखेत होतो. एक अंध निवृत्त गृहस्थ दर महिन्याला पेन्शन काढायला येत. अंध खातेदाराला चेकबुक द्यायचे नाही, स्वतः हजर राहिल्याशिवाय आणि साक्षीदार असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, अशी तेव्हा पद्धत होती. त्याच्याच भल्यासाठी, असे समजून. हे गृहस्थ पुतण्यासोबत येत, पण पुतण्याला बाकावर बसवून ठेवत. पासबुक ते माझ्याकडून वाचून घेत आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टेबलावर जाऊन पुन्हा वाचून घेत. नोटा बोटांवर लांबी मापून ओळखत. दहाची एक घडी, वीसची दोन, पन्नासची आडवी. आमच्या एका सहकाऱ्याला हा अविश्वास वाटे. मला त्यात उत्तम लेखापरीक्षक दिसे. दोन वेगवेगळ्या डोळ्यांकडून आलेला आकडा जुळला तरच तो खरा, हा त्यांचा नियम. माधानच्या महाराजांनी ग्रंथ ताडून पाहिले तोही हाच न्याय म्हणायचा.

४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले, की अंध खातेदारांना चेकबुक, एटीएम, लॉकर, इंटरनेट बँकिंग, सगळ्या सोयी भेदभाव न करता द्याव्यात. ते गृहस्थ तोवर राहिले नव्हते. २०१६ नंतर आलेल्या नव्या नोटांच्या लांबी-रुंदीतला फरक बोटांना नीट कळत नाही अशी तक्रार अंधांनी केली, तेव्हा १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे मोबाइल ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवते. घड्यांची ती युक्ती आता कोणाला लागणार नाही कदाचित.

तेव्हा डेन्मार्कच्या त्या ॲपकडे परत येऊ. त्यात मदत करणारा अनोळखी आहे, हे पुष्कळांना खटकते. मला वाटते तीच त्यातली मोठी सोय आहे. पुतण्याला सांगितले की घरभर होते, आणि उपकाराचे ओझे वेगळेच. अनोळखी माणूस तारीख वाचतो आणि फोन ठेवतो. प्रश्न विचारणाराच फोन लावतो आणि तोच बंद करतो. पण जिथे नेटवर्क नाही, फोन घ्यायला पैसे नाहीत, आणि घरच्यांनीच ठरवून टाकले आहे की याने बाहेर पडायचे नाही, तिथे हे सगळे फुकट. दुसरे असे, की औषधाची तारीख परका माणूस वाचेल, संगणकही वाचेल. पण पाचशे पानांचा ग्रंथ महिनाभर कोण वाचणार? अंध विद्यार्थ्यांना परीक्षेला आपला लेखनिक स्वतः निवडता येईल, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले होते. तरी परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत लेखनिक शोधत हिंडणारी मुले आजही आहेत. वर्षभर अभ्यासाला वाचून दाखवणारे तर त्याहून दुर्मीळ. माधानात ते मिळाले, कारण मागणाऱ्याने ते हक्काने मागितले आणि देणाऱ्यांना त्यात आपलेही काही मिळते आहे असे वाटले. महाराजांना वाचून दाखवता दाखवता किती जण स्वतः शहाणे झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

प्रकृती महाराजांना फार काळ साथ देणारी नव्हती. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय चौतीस वर्षे आणि अडीच महिने. संप्रदायाची धुरा त्यांनी बाबाजी महाराज पंडित यांच्यावर सोपवली होती. चांदूर बाजारला आता भक्तिधाम आहे, माधानला उत्सव होतात, वाहनांची रांग लागते. हे सव्वाशेहून अधिक ग्रंथ महाराजांनी सांगितले आणि वेगवेगळ्या हातांनी ते उतरवून घेतले. एक हात दमला की दुसरा बसत असेल. त्यांतल्या काहींची नावे ग्रंथांतून, चरित्रांतून सापडतात. बाकीचे कोणाच्या ओसरीवरून आले, कंदील कोणी धरला आणि सकाळी उठून कोणत्या शेतावर गेले, हे शोधायला कोणी माधान-लोणीच्या जुन्या घरांतून फिरणार असेल, तर त्याने लवकर निघावे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेले अजून थोडेफार शिल्लक असेल.